डोळ्यातला छेद आणि टक्केवारीतला छेद: स्माइल व लॅसिकवरचे पेपर वाचताना

चष्मा घालवणाऱ्या लेझर शस्त्रक्रियेबद्दल हल्ली एक ठरावीक भाषा ऐकू येते. ब्लेड नाही, टाका नाही, फ्लॅप नाही. दोन-चार मिलिमीटरचा छेद, की झालं काम. जाहिरातीत अशी भाषा असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण हीच भाषा पेपरच्या प्रस्तावनेत येऊन बसते आणि तिथून अलगद आपल्या ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’मध्ये उतरते, तेव्हा थांबायला हवं. ‘मिनिमली इन्व्हेजिव्ह’, म्हणजे शरीरात कमीत कमी शिरकाव करणारी, हे पद्धतीचं वर्णन आहे. रुग्णाला त्रास कमी झाला, हा निष्कर्ष आहे. पहिल्यावरून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

या लेखात दोन गोष्टी तपासू. एक, ‘स्माइल’ या नव्या पद्धतीबद्दलचा ‘कमीत कमी’ हा दावा. दोन, लॅसिकनंतर लोकांना नेमकं काय जाणवतं हे मोजणारा अमेरिकेतला ‘प्राउल’ हा अभ्यास, ज्याचे आकडे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात. ऑपरेशन करावं की नाही हे सांगणारा हा लेख नाही. तो प्रश्न तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना एखादा दावा कसा उलगडायचा हे दाखवणं, एवढंच इथे करायचं आहे. विषय डोळ्यांचा असला तरी पद्धत कुठल्याही विषयाला लागू पडते.

आधी यंत्रणा, थोडक्यात

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्याचा आकार थोडा बदलला की प्रकाश वेगळ्या ठिकाणी एकवटतो आणि चष्म्याचा नंबर जातो. हा बदल करायच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

पहिली पीआरके. यात कॉर्नियाचा सगळ्यात वरचा पातळ थर, एपिथेलियम, काढतात आणि खालचा भाग एक्सायमर लेझरने घडवतात. हा लेझर जिवंत ऊतीला आजूबाजूला न भाजता कापू शकतो, हे १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवून देणाऱ्या संशोधकांपैकी रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे. दुसरी पद्धत लॅसिक. यात कॉर्नियाचा एक पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, झाकणासारखा उघडतात, आतला भाग एक्सायमर लेझरने घडवतात आणि झाकण परत बसवतात. फ्लॅपची कड सुमारे २० मिलिमीटर लांब असते. तिसरी स्माइल. यात फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची एक चकती, लेन्टिक्यूल, कापतो आणि सर्जन ती २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून ओढून बाहेर काढतो. झाकण उघडावं लागत नाही. या पद्धतीचे पहिले मोठे निष्कर्ष २०११ च्या सुमारास जर्मनीतून आले. त्याच वर्षी वडोदऱ्याच्या रूपल शाह यांच्या गटाचाही पेपर आला, म्हणजे भारत या गोष्टीत सुरुवातीपासून आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सप्टेंबर २०१६ मध्ये स्माइलला मंजुरी दिली.

‘कमीत कमी’, पण कशात?

२० मिलिमीटरच्या जागी २ ते ४ मिलिमीटर. तुलना बिनतोड वाटते. पण मग पीआरकेचं काय? पीआरकेत असा छेद मुळी नसतोच. छेदाची लांबी हाच निकष धरला तर ती सगळ्यात कमी शिरकाव करणारी ठरायला हवी. प्रत्यक्षात पीआरकेनंतरचे पहिले काही दिवस तिघांत सगळ्यात जास्त दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायलाही वेळ लागतो. म्हणजे छेदाची लांबी रुग्णाच्या त्रासाचं माप म्हणून चालत नाही. ज्या मापाने क्रमवारी उलटी येते ते माप शीर्षकात मिरवायचं कारण काय, हा पहिला प्रश्न.

आता किती ऊती जाते ते बघू. एक्सायमर लेझरने किती खोल जावं लागेल याचं जुनं, सोपं सूत्र आहे: नंबर गुणिले झोनच्या व्यासाचा वर्ग, भागिले तीन. नंबर उणे ५ आणि झोन ६ मिलिमीटरचा असेल तर ५ × ३६ ÷ ३, म्हणजे ६० मायक्रॉन. प्रत्यक्षात यंत्रागणिक हा आकडा बदलतो, पण अंदाजाला पुरेसा आहे. स्माइलमध्ये चकतीची कड अगदीच पातळ ठेवली तर ती फाटते, म्हणून तिला १० ते १५ मायक्रॉनची किमान जाडी ठेवतात. म्हणजे त्याच नंबरसाठी स्माइलमध्ये थोडी जास्तच ऊती बाहेर येते. छेद कमी, ऊती जास्त.

यावर स्माइलच्या बाजूचं उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. कॉर्नियाचे पुढचे तंतू मागच्यांपेक्षा मजबूत असतात. लॅसिकचा फ्लॅप ते कापतो, स्माइल ते बरेचसे अखंड ठेवते. म्हणून ऊती जास्त काढूनही मजबुती जास्त राहील, असा हा युक्तिवाद. तर्क पटण्यासारखा आहे आणि गणिती प्रतिमानं त्याला दुजोरा देतात. पण प्रतिमान म्हणजे मोजमाप नव्हे. कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगणं, म्हणजे एक्टेशिया, ही या सगळ्या शस्त्रक्रियांमधली धास्ती. स्माइलनंतरही एक्टेशिया झाल्याच्या नोंदी आहेत. दोन्ही पद्धतींत तिचं प्रमाण खरोखर वेगळं आहे का, हे कळायला प्रचंड संख्या आणि बरीच वर्षं लागतात, कारण घटना दुर्मीळ आहे. तीस-चाळीस रुग्णांचा सहा महिन्यांचा अभ्यास याबद्दल काहीच सांगू शकत नाही, मग त्याच्या प्रस्तावनेत काहीही लिहिलेलं असो.

आणखी एक बाजू. नंबर थोडा उरला आणि पुन्हा काम करावं लागलं, तर लॅसिकमध्ये बरेचदा जुना फ्लॅप उचलता येतो. स्माइलमध्ये उचलायला फ्लॅपच नाही. मग अनेकदा वरून पीआरके करतात किंवा नवा फ्लॅप तयार करतात. म्हणजे ज्याला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं, त्याच्यापुरता ‘कमीत कमी’चा हिशेब बदलतो. पेपरमध्ये ‘कमी’ हा शब्द दिसला की लगेच विचारा: काय कमी, कोणापेक्षा कमी, आणि किती काळापर्यंत कमी?

कोरडेपणाचा दावा

स्माइलचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा फायदा म्हणजे डोळे कमी कोरडे पडतात. कारणमीमांसा सरळ आहे. कॉर्नियातल्या नसा कडेकडून आत येतात आणि पृष्ठभागाखाली पसरतात. फ्लॅपची लांब कड त्यातल्या बऱ्याच कापते, छोटा छेद कमी कापतो. संवेदना टिकली की अश्रूंचं चक्रही टिकतं.

आता पुरावा. २०१५ मध्ये ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात फ्रान्समधल्या एका गटाचा पेपर आला: ३० जण स्माइलचे, ३० जण लॅसिकचे. महिन्याभराने दोन्ही गटांत कोरडेपणा सारखाच दिसला. सहा महिन्यांनी स्माइलच्या गटातले ८० टक्के आणि लॅसिकच्या गटातले ५७ टक्के लोक ड्रॉप्सशिवाय होते. टक्क्यांत फरक मोठा दिसतो. माणसांत मोजा: ३० पैकी २४ आणि ३० पैकी १७. सात माणसांचा फरक. शिवाय कोणाला कोणती शस्त्रक्रिया हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, म्हणजे अभ्यास रँडमाइज्ड नव्हता. लेखकांनी हे लपवलेलं नाही, पेपरमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. नसांची घनता, संवेदना वगैरे इतर मोजमापंही त्याच दिशेला जातात, त्यामुळे पेपर टाकाऊ नाही. पण दहा ठिकाणी उद्धृत होताना ८० आणि ५७ तेवढे उरतात; सात माणसं आणि चिठ्ठ्या न टाकणं वाटेत गळून पडतं. गळती होते ती बहुधा आपल्यासारख्यांच्याच हातून.

मग उत्तम रचना कोणती? अनेकांना वाटतं, एकाच माणसाच्या एका डोळ्यात स्माइल आणि दुसऱ्यात लॅसिक करावं. वय, हवा, स्क्रीनची सवय, सगळं सारखं; तुलना अगदी स्वच्छ. नजर किंवा नसांची घनता मोजायची असेल तर ही रचना खरंच सुरेख आहे. पण कोरडेपणा विचारायची सर्वांत प्रचलित प्रश्नावली म्हणजे ओएसडीआय. तिच्यात वाचताना, गाडी चालवताना, वारा लागताना काय होतं असे प्रश्न असतात आणि गुण माणसाला मिळतात, डोळ्याला नाही. वाचताना दोन्ही डोळे वापरलेल्या माणसाचा त्रास डाव्या खात्यात टाकायचा की उजव्या? म्हणजे इथे रचना आणि मोजपट्टी एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या सिनॉप्सिसमध्ये ‘डिझाइन’ एका पानावर आणि ‘टूल्स’ दुसऱ्या पानावर असतात. त्या दोन पानांची एकमेकांशी गाठ घालून देणं हे आपलंच काम.

याचंच भावंड म्हणजे डोळे मोजायचे की माणसं, हा प्रश्न. ‘१०० डोळे’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ती बहुतेकदा ५० माणसं असतात, आणि एका माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखे वागतात. त्यांना स्वतंत्र निरीक्षणं धरलं की नमुना फुगतो आणि फरक आहे त्यापेक्षा पक्का वाटू लागतो. नेत्रविज्ञानात यावर १९७३ पासून स्पष्ट लिहिलं गेलं आहे, तरी चूक अजून दिसते. शिक्षणशास्त्रात एका वर्गातली मुलं, शेतीत एका वाफ्यातली रोपं: तोच प्रश्न, वेगळा वेश.

प्राउल: एकाच अभ्यासातले दोन आकडे

लॅसिकबद्दल ‘९५ टक्क्यांहून जास्त लोक समाधानी’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यामागे २००९ चा एक जागतिक आढावा आहे. १९ अभ्यास, २,१९८ लोक, समाधान ९५.४ टक्के. दुसऱ्या बाजूला ‘जवळपास निम्म्या लोकांना नवा त्रास सुरू होतो’ असंही वाक्य फिरतं. ते प्राउलमधून आलं आहे.

प्राउल हा एफडीए, नॅशनल आय इन्स्टिट्यूट आणि अमेरिकेचं संरक्षण खातं यांनी मिळून केलेला अभ्यास. २०१७ मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’त छापला गेला. त्याचे दोन भाग: पहिल्यात नौदलातले २६२ जण, दुसऱ्यात ३१२ नागरिक. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तीच प्रश्नावली दिली. दुहेरी प्रतिमा, चकाकी, दिव्याभोवती कडं, दिव्यातून फुटणारे किरण, अशी दृष्टीची लक्षणं विचारली. तीन महिन्यांनी ‘नवी लक्षणं’ पहिल्या भागात ४३ टक्के, दुसऱ्यात ४६ टक्के. आणि त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेबद्दल असमाधानी फक्त १ ते २ टक्के.

दोन्ही आकडे खरे आहेत. मग भांडण कुठे आहे? टक्केवारीच्या छेदात.

४३ टक्के हे २६२ जणांपैकी नाहीत. आधी एकही लक्षण नसलेल्यांपैकी आहेत. ते किती होते? सारांशात कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलं आहे: ३१ ते ५५ टक्के. इतकं रुंद इंटरव्हल २६२ माणसांवर येत नाही. प्रमाणाच्या नेहमीच्या सूत्राने उलटा हिशेब केला तर छेद ६५ च्या आसपास निघतो. त्यातले ४३ टक्के म्हणजे साधारण २८ माणसं, संपूर्ण गटाच्या दहापैकी एकाहून थोडी जास्त. हा माझा ढोबळ हिशेब आहे. आधी एक लक्षण असलेल्याला नंतर दुसरं सुरू झालं तर तो यात धरलेला नाही. पण ‘निम्म्या लोकांना’ हे वाक्य किती सैल आहे, हे कळायला तो पुरतो. आणि तोच हिशेब आणखी एक गोष्ट सांगतो: बहुसंख्य लोकांना काही ना काही लक्षण चष्मा-लेन्सवर असतानाच होतं.

कोरडेपणाचंही तसंच. नागरिकांच्या गटात आधी ४४ टक्के लोकांचे ओएसडीआय गुण सामान्य होते, तीन महिन्यांनी ६५ टक्क्यांचे. म्हणजे सुधारणा! पण आधी सामान्य असलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना नंतर कोरडेपणा जाणवू लागला. १०० माणसांवर मांडून बघा. ४४ सामान्य; त्यातले सुमारे १२ बिघडले, ३२ तसेच राहिले. शेवटी ६५ सामान्य हवेत, म्हणजे उरलेले ३३ आधी त्रास असलेल्या ५६ मधून सुधारून आले. बारा जण वाईट झाले, तेहतीस जण बरे झाले. सरासरी फक्त ‘सुधारणा’ म्हणते आणि त्या बारा जणांना गिळून टाकते. बाराच सांगणारा तेहतीस जणांना गिळतो. कागद-पेन घेऊन हा तक्ता स्वतः मांडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण सारांशातल्या ‘ओव्हरऑल’ या शब्दाआड काय असतं ते त्यातून कायमचं कळतं.

मग प्राउल चांगला की वाईट?

माझ्या मते चांगला, आणि त्याचं मुख्य कारण आकड्यांत नाही. त्याच्या सोबतच्या पेपरमध्ये दिसलं की लोकांनी आपली लक्षणं डॉक्टरांना सांगण्यापेक्षा प्रश्नावलीत नोंदवण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. म्हणजे त्याआधीच्या ज्या अभ्यासांत त्रास ‘तपासणीत रुग्णाने सांगितला तर’ नोंदवला गेला, तिथे तो कमी दिसणं स्वाभाविक आहे. ज्याने ऑपरेशन केलं त्याच्यासमोर बसून ‘रात्री दिवे फुटल्यासारखे दिसतात’ म्हणणं जड जातं. आपल्याकडे तर ‘डॉक्टरसाहेबांना वाईट वाटेल’ हा संकोचही असतो. कोण विचारतं यावर उत्तर बदलतं, ही गोष्ट प्राउलने मोजून दाखवली.

समाधान आणि लक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यातून दिसतं. माणूस अपेक्षेशी तुलना करून समाधानी होतो. सकाळी उठल्यावर चष्मा शोधावा लागत नाही, हा आनंद खरा आहे. पण रात्रपाळीला घाटातून गाडी काढणाऱ्या एसटी चालकासाठी समोरच्या हेडलाइटभोवतीचं कडं हा वेगळा प्रश्न आहे, भले तोही फॉर्मवर ‘समाधानी’ला टिक करेल. ‘समाधानी आहात का?’ एवढंच विचारणारा अभ्यास त्याच्या उपयोगाचा नाही.

उणिवा? आहेत, आणि त्या टीकाकारांनाही सोयीच्या नाहीत. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे कंट्रोल ग्रुप नाही. लक्षणं कमी-जास्त होतच असतात. ज्यांना आज एकही लक्षण नाही असेच लोक निवडले आणि तीन महिन्यांनी विचारलं, तर ऑपरेशन न करताही त्यातल्या काहींना लक्षणं दिसतील. त्याचप्रमाणे ज्यांना आज त्रास आहे त्यातले काही आपोआप सुधारलेले दिसतील. सरासरीकडे परतण्याचा हा प्रकार ४३ मध्ये किती आणि तेहतीस जणांच्या सुधारणेत किती, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही. सुधारणेला आणखी एक कारण संभवतं: कॉन्टॅक्ट लेन्स वापरणं बंद होणं. दुसरी उणीव, नागरिकांचा पाठपुरावा तीनच महिने. या शस्त्रक्रियेत तीन महिने म्हणजे जखम भरत असतानाचा काळ. त्यावरून कायमच्या त्रासाबद्दल काही म्हणता येत नाही, कोणत्याही बाजूने.

तरीही या अभ्यासाचं वजन मोठं आहे. २०२२ मध्ये एफडीएने लॅसिकच्या रुग्णांना आधी काय सांगावं याच्या सूचनांचा मसुदा काढला, तेव्हा नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी तो एकांगी असल्याची जोरदार टीका केली. रुग्णाच्या हातात कोणता आकडा द्यायचा, ९५ की ४३, हाच त्या वादाचा गाभा. टक्केवारीतला छेद ही गणिताच्या तासापुरती गोष्ट नाही. संमतीपत्रावर सही करणाऱ्या माणसाला काय कळतं आणि काय नाही, ते तिथे ठरतं.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

स्माइल आणि लॅसिकची तुलना मला करायची असती तर चिठ्ठ्या माणसागणिक टाकल्या असत्या, डोळ्यागणिक नाही. प्रश्नावली सर्जनच्या टीमबाहेरच्या माणसाने भरून घेतली असती, आधी आणि नंतर तीच. किमान वर्षभर. निकालात सरासरीच्या शेजारी ‘किती बिघडले, किती सुधारले’ हा चौकोनी तक्ता दिला असता. अडचण उघड आहे: स्वतःच्या खिशातून भरपूर पैसे भरणारा माणूस चिठ्ठीवर विसंबून राहायला सहसा तयार होत नाही. म्हणूनच असे अभ्यास कमी आहेत. ‘रिसर्च गॅप’ लिहिताना ‘या विषयावर फारसं काम झालेलं नाही’ असं न लिहिता काम का झालेलं नाही ते लिहा. गाईडला तेच वाचायचं असतं.

आणि पेपरच्या तळाशी हितसंबंधांची घोषणा छापलेली असते, ती वाचा. स्माइल ज्या व्हिझुमॅक्स यंत्रावर वाढली ते कार्ल झाइस या एकाच कंपनीचं आहे, आणि या क्षेत्रातल्या अनेक लेखकांनी कंपन्यांशी असलेले संबंध रीतसर जाहीर केलेले असतात. त्यावरून पेपर खोटा ठरत नाही. पण सरकारी पैशातून झालेला प्राउल आणि बाकीचे अभ्यास शेजारी ठेवून वाचताना ही ओळ सोबत असावी.

या आठवड्यात एवढं करून बघा. तुमच्या विषयातल्या सगळ्यात जास्त उद्धृत होणाऱ्या पेपरमधला एक टक्का घ्या. त्याचा छेद शोधा. छापलेला नसेल तर कॉन्फिडन्स इंटरव्हलवरून काढा. मग तोच टक्का माणसांत, रोपांत किंवा कुटुंबांत लिहा, आणि तुमच्या ‘रिव्ह्यू’मधलं त्या पेपरबद्दलचं वाक्य पुन्हा वाचा. वाक्य तसंच टिकलं तर उत्तम. नाही टिकलं, तर सिनॉप्सिस जमा करायच्या आधी ते बदला.